आधी पालथा घाला: युद्धावरून परतलेल्या पाणबुड्यांचे जुने वृत्तपत्री फोटो कसे वाचायचे

फोटो हाती आला की आधी तो पालथा घाला. पुढची बाजू वर्तमानपत्राच्या वाचकासाठी होती. मागची बाजू त्या फोटोला ज्यांचे हात लागले त्यांची आहे: सेन्सॉरचा अधिकारी, वृत्तसंस्थेचा कारकून, संपादक, ब्लॉक करणारा कारागीर आणि वीस वर्षांनी तोच फोटो पुन्हा कपाटातून काढणारा कुणी ग्रंथपाल. नवा माणूस पुढची बाजू पाहून हरखतो आणि तिथेच थांबतो. मीही सुरुवातीला तसाच थांबायचो, म्हणून ही गोष्ट पहिल्याच ओळीत सांगितली.

पाणबुडी लढते तेव्हा कुणाला दिसत नाही. रणगाड्याच्या मागे कॅमेरा घेऊन धावता येतं, विमानात एखाद्या छायाचित्रकाराला बसवता येतं. पाण्याखाली पन्नास-साठ माणसं श्वास धरून बसलेली असताना बाहेरून टिपण्यासारखं काहीच नसतं. त्यामुळे दोन्ही महायुद्धांत वर्तमानपत्रांच्या वाट्याला पाणबुडीचा मुख्यतः एकच क्षण आला, तो म्हणजे ती परत येऊन धक्क्याला लागते तो. डेकवर दाढ्या वाढलेली माणसं, पेरिस्कोपला बांधलेला झेंडा, धक्क्यावर अधिकारी, कधी बँड, कधी फुलं. असे हजारो फोटो निघाले आणि ते एकमेकांसारखे दिसतात. त्यातला आपल्या हातातला नेमका कुठला, कधीचा, कुठल्या बोटीचा आणि त्यात खरं किती, हे शोधायची रीत पुढे देतो आहे. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एखादी प्रिंट मिळाली असेल, परदेशातल्या लिलावात घ्यायचा विचार असेल, किंवा नुसते संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरचे फोटो नीट पाहायचे असतील, तरी रीत हीच.

पायरी १: हातात नेमकं काय आहे?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडे असतं तसलं चालेल. फोटोतल्या करड्या भागावर धरा, चेहऱ्यावर किंवा आभाळावर.

बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते मासिकातून किंवा पुस्तकातून कापलेलं छापील चित्र आहे, फोटो नाही. समांतर बारीक रेघा दिसल्या, जुन्या टीव्हीच्या पडद्यासारख्या, तर तो तारेने किंवा रेडिओने पाठवलेला फोटो आहे. असोसिएटेड प्रेसने आपली तारफोटो सेवा १ जानेवारी १९३५ ला सुरू केली. मूळ प्रिंट एका सिलिंडरवर गुंडाळायची, प्रकाशाचा बिंदू तिच्यावरून ओळीओळीने फिरायचा आणि दुसऱ्या शहरातलं यंत्र तशाच ओळी कोऱ्या फोटो-कागदावर उमटवायचं. रेघा येतात त्या त्याच. अशी प्रिंट जरा बोथट दिसते, पण तिला कमी लेखू नका. बातमी ज्या दिवशी धावत होती त्या दिवसाची ती साक्षीदार आहे.

जाळीही नाही, रेघाही नाहीत, नुसते अनियमित बारीक कण दिसताहेत, तर निगेटिव्हवरून केलेली खरी प्रिंट तुमच्या हातात आहे. मूळ निगेटिव्हवरून की फोटोचा फोटो काढून, हे पाहायला दोरखंड, रिव्हेट, टोपीवरची अक्षरं बघा. फोटोवरून फोटो काढला की या गोष्टी आधी विरघळतात. सावल्या काळ्या ठिक्कर होतात, चेहरे पांढरे पडतात.

आता कागद. युद्धकाळातला फोटो-कागद साध्या जाड कागदासारखा लागतो, कडेला किंचित वळतो. मागची बाजू प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत लागली तर तो आर.सी. (रेझिन-कोटेड, प्लॅस्टिकचा थर दिलेला) कागद आहे, जो १९६० च्या दशकाच्या अखेरीनंतर पसरला. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, नोटा तपासायला दुकानदार वापरतात ती, अंधारात कागदावर मारा. १९५० च्या दशकापासून कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं येऊ लागली आणि असा कागद निळसर पांढरा चमकतो. चमकला तर प्रिंट युद्धकाळातली नाही. चमकला नाही म्हणून ती युद्धकाळातलीच, असं मात्र म्हणता येत नाही. त्यासाठी पुढची पायरी.

पायरी २: मागची बाजू

माझ्या कपाटातल्या एका प्रिंटची पाठ जशी दिसते तशी सांगतो. मधोमध पिवळट पातळ कागदाची टंकलिखित चिठ्ठी चिकटवलेली, डिंक कोपऱ्यांत तपकिरी झालेला. चिठ्ठीवर चार ओळी: ब्रिटिश पाणबुडी गस्तीवरून परतली, खलाशी आपला 'यशाचा झेंडा' दाखवताहेत. बोटीचं नाव नाही, बंदराचं नाव नाही. वरच्या बाजूला जांभळ्या शाईचा सेन्सॉरचा शिक्का, अर्धा पुसट. डाव्या कडेला वृत्तसंस्थेचा शिक्का आणि पत्ता. खाली तिरपा तारखेचा शिक्का, त्याच्याखाली आणखी एक, वर्षं वेगळी. कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने '२ कॉलम'. आणि वर्तमानपत्राचं कात्रण, मूळ चिठ्ठीतल्या चार ओळींचं एका ओळीवर आलेलं.

यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्र पुरावा आहे.

वृत्तसंस्थेच्या नावावरून प्रिंटचं वय कळतं. 'ॲक्मी न्यूजपिक्चर्स' असा शिक्का असेल तर प्रिंट १९५२ च्या पुढची असण्याचा संभव कमी, कारण त्या वर्षी ॲक्मी युनायटेड प्रेसमध्ये गेली. 'यूपीआय' असेल तर १९५८ नंतरची, कारण युनायटेड प्रेस आणि इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस यांचं एकत्रीकरण त्या वर्षी झालं. म्हणजे १९४३ च्या पाणबुडीच्या फोटोमागे फक्त यूपीआयचा शिक्का दिसला तर घटना १९४३ ची आणि प्रिंट निदान पंधरा वर्षांनंतरची. विकणारा बहुधा हे सांगत नाही.

पत्ताही बोलतो. अमेरिकेत १९४३ मध्ये मोठ्या शहरांना टपाल विभागांचे आकडे मिळाले, 'न्यूयॉर्क १७' असे. १९६३ पासून पाच आकडी झिप कोड आला. शिक्क्यात पाच आकडे दिसले की प्रिंट, किंवा किमान तो शिक्का, १९६३ नंतरचा.

तारखेच्या शिक्क्याबाबत नव्या माणसाची हमखास गफलत होते. तो शिक्का फोटो काढल्याची तारीख नसतो. कधी छापल्याची असते, कधी फाइलला लावल्याची. पाणबुड्यांच्या बाबतीत तर हे अंतर फार मोठं असू शकतं. अमेरिकी नौदलात पाणबुडी दलाला 'मूक दल' म्हणत. बोट कुठे होती, काय बुडवलं, हे शत्रूला कळू नये म्हणून बातम्या आणि फोटो महिनोन्महिने दाबून ठेवले जात. उन्हाळ्यातला फोटो नाताळात छापलेला सापडला तर बुचकळ्यात पडू नका.

चिठ्ठी कधीही सोडवू नका. एका प्रिंटच्या चिठ्ठीखाली काहीतरी लिहिलेलं दिसत होतं म्हणून मी ओलसर कापूस लावून ती सोडवायला गेलो. टंकाची शाई पसरली, कागदाचा लगदा झाला आणि खालचं अक्षर होतं फक्त फाइलचा क्रमांक. तो फोटो आजही माझ्याकडे आहे, पण त्याची ओळख मीच पुसली. आता मी मागून टॉर्च धरून जेवढं दिसेल तेवढंच वाचतो.

पायरी ३: पुढची बाजू, पण आधी तिच्यावरचे हात

प्रिंट तिरपी धरून प्रकाश कडेने पडू द्या. वर्तमानपत्राच्या कलाकाराने लावलेला रंग चमक नसलेल्या डागासारखा वेगळा दिसतो. गर्दीतून एक माणूस उठून दिसावा म्हणून त्याच्याभोवती करड्या रंगाचा फवारा मारत, टोपीच्या कडा पांढऱ्या रेषेने उजळत, मागचं सगळं आभाळ कोरं करत. लाल किंवा पांढऱ्या मेणपेन्सिलीच्या रेघा म्हणजे फोटो कुठे कापायचा त्याची खूण. कापून टाकलेल्या भागातच अनेकदा मागचं जहाज किंवा टेकडी असते, म्हणून छापलेल्या चित्रापेक्षा प्रिंट मोलाची.

पाणबुडीच्या फोटोत मुद्दाम बघायची जागा म्हणजे मनोऱ्याचा, डेकमधून वर आलेल्या उंच भागाचा, माथा. पेरिस्कोपच्या बाजूला उगाच धूसर डाग किंवा खरवडलेली निगेटिव्ह दिसली तर तिथे बहुधा रडारचा अँटेना होता असं समजा. तो सेन्सॉरने घालवला. ही खाडाखोड म्हणजे खराबी नव्हे, ती त्या फोटोच्या इतिहासाचाच भाग आहे. मेणपेन्सिल पुसून 'स्वच्छ' करून विकलेल्या प्रिंटा मी पाहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी जीव हळहळला आहे.

पायरी ४: झेंडा वाचा

इथे सावकाश थांबायला हवं, कारण चिठ्ठी जे लपवते ते झेंडा उघड करतो.

ब्रिटिश पाणबुडी कवटी आणि दोन हाडांचा चाच्यांचा झेंडा, 'जॉली रॉजर', लावून परत येते. प्रथा १९१४ ची. युद्धाआधी पाणबुडी हे चोरटं हत्यार मानलं जाई. पाणबुडीवाल्यांना चाच्यांसारखं वागवावं, असं ब्रिटनच्याच एका ॲडमिरलचं मत होतं. सप्टेंबर १९१४ मध्ये 'ई ९' या पाणबुडीने जर्मन क्रूझर 'हेला' बुडवली आणि तिचा कप्तान मॅक्स हॉर्टन हा झेंडा फडकवत परतला. दुसऱ्या महायुद्धात या झेंड्याची रीतसर भाषा तयार झाली. पांढरा पट्टा म्हणजे बुडवलेलं व्यापारी जहाज, लाल पट्टा म्हणजे युद्धनौका. कृष्णधवल फोटोत लाल पट्टा काळ्या कापडावर जेमतेम दिसतो, म्हणून भिंग लावून मोजा. पट्ट्यावर 'यू' अक्षर म्हणजे शत्रूची पाणबुडी. आडव्या तोफा आणि भोवती तारे म्हणजे डेकवरच्या तोफेने केलेले हल्ले. खंजीर म्हणजे हेर किंवा कमांडो किनाऱ्यावर उतरवण्याची गुप्त कामगिरी. दीपगृह म्हणजे चढाईच्या वेळी आपल्या ताफ्याला वाट दाखवायला खूण म्हणून उभं राहणं.

शिवाय खासगी खुणा असतात आणि ओळख पटवायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. 'प्रोटियस' पाणबुडीच्या झेंड्यावर डबा उघडायची किल्ली शिवलेली आहे, कारण एका इटालियन टॉर्पेडोबोटीशी टक्कर झाली तेव्हा हिच्या पुढच्या पंखाने (बोट वर-खाली नेणाऱ्या आडव्या सुकाणूने) तिची कूस डब्यासारखी चिरली. असा झेंडा दिसला की चिठ्ठीत नाव नसलं तरी बोट सापडली.

पट्टे मोजण्याचा आणखी उपयोग म्हणजे तारीख. झेंडा प्रत्येक गस्तीनंतर वाढत जातो. एका फोटोत सहा पट्टे आणि दुसऱ्यात नऊ, तर दुसरा नंतरचा. बोटीच्या गस्तींची यादी शेजारी ठेवली की दोन तारखांच्या मधली जागा मिळते.

अमेरिकी बोटींवर छोटे छोटे जपानी झेंडे ओळीने दिसतात, एकेक दाव्यासाठी एकेक. यातला सगळ्यात प्रसिद्ध फोटो 'वाहू' या पाणबुडीचा, पर्ल हार्बर, ७ फेब्रुवारी १९४३ च्या सुमाराचा. अमेरिकी नौदलाच्या इतिहास विभागाच्या संकेतस्थळावर तो उघडा आणि पाच मिनिटं द्या. पेरिस्कोपच्या टोकाला साधा केरसुणीवजा झाडू बांधलेला आहे, म्हणजे 'वाटेत आलेलं सगळं साफ केलं'. खाली आठ छोटे झेंडे. एका लांबट पताकेवर शत्रूला शिवी हासडलेली. उघड्या पुलावर, म्हणजे मनोऱ्यावरच्या बोट चालवण्याच्या जागेवर, कप्तान डडली मॉर्टन आणि त्याचा दुय्यम अधिकारी रिचर्ड ओकेन. फोटो विजयाचा आहे, पण माणसं हसत उभी नाहीत. धक्क्याला बोट लावण्याच्या कामात आहेत. मला हा फोटो त्यासाठीच आवडतो. मुद्दाम उभं करून काढलेल्या शेकडो फोटोंमध्ये काम करताना टिपलेली माणसं लगेच कळतात, कारण ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीत.

यू-बोटींवर, म्हणजे जर्मन पाणबुड्यांवर, पेरिस्कोपच्या तारेला त्रिकोणी पताका असतात, पांढऱ्या व्यापारी जहाजांसाठी, लाल युद्धनौकांसाठी. कित्येकींवर टनांचा आकडा लिहिलेला असतो. कप्तान पांढऱ्या टोपीवरून ओळखा. युद्धकाळात बोटीचा क्रमांक मनोऱ्यावरून पुसून टाकलेला असे, म्हणून मनोऱ्यावरचं चित्र शोधा: नाकातून फुत्कार टाकणारा बैल ही 'यू ४७' ची खूण, तिने ऑक्टोबर १९३९ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या स्कापा फ्लोच्या तळात शिरून 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवली त्यानंतरची. हसरा करवतमासा म्हणजे 'यू ९६'. मात्र ही चित्रं पुढे इतर बोटींनीही उचलली, म्हणून एकट्या चित्रावर निकाल देऊ नका. यातले बहुतेक फोटो जर्मन सैन्याच्या प्रचार पथकांनी काढलेले आहेत, फुलं देणाऱ्या मुलींसकट सगळं ठरवलेलं असायचं. ते जमवायला हरकत नाही, पण ते कुणी आणि कशासाठी काढले हे शेजारी लिहिल्याशिवाय कुठेही लावू नका.

सोव्हिएत उत्तरी ताफ्यात वेगळीच रीत होती: पोल्यार्नी तळाच्या खाडीत शिरताना बुडवलेल्या प्रत्येक जहाजामागे तोफेचा एक बार काढायचा, आणि धक्क्यावर तितकीच भाजलेली डुकराची पिल्लं वाट पाहत असायची. डेकवरच्या तोफेतून धूर निघतोय आणि बोट तर शांत खाडीत आहे, असा फोटो दिसला तर तो लढाईचा समजू नका.

पायरी ५: ती खरंच परत येते आहे का?

विकणारे सरसकट 'युद्धावरून परतताना' असं लिहितात. बघायचं असं. निघालेल्या बोटीचा रंग ताजा असतो, माणसांच्या दाढ्या झालेल्या असतात. परतलेल्या बोटीच्या बाजूंवर गंजाचे ओघळ, पाण्याच्या रेषेला हिरवट शेवाळ, झेंड्याच्या कडा फाटून चिंध्या झालेल्या. माणसांचे चेहरे फिके, डोळे उन्हाने बारीक केलेले. आठवडेच्या आठवडे त्यांनी धड ऊन पाहिलेलं नसतं.

कधी बोटीच्या अंगावरच सगळं लिहिलेलं असतं. ज्या आठवड्यात 'वाहू' झाडू बांधून पर्ल हार्बरला आली, त्याच आठवड्यात तिकडे 'ग्राउलर' ही अमेरिकी पाणबुडी रात्री एका जपानी जहाजावर आदळली. वर मशीनगनच्या गोळ्या, कप्तान हॉवर्ड गिलमोर पुलावर जखमी. आपल्याला आत घ्यायला वेळ नाही हे ओळखून त्याने बोट पाण्याखाली न्यायचा हुकूम दिला आणि स्वतः वर राहिला. ब्रिस्बेनला पोचलेल्या 'ग्राउलर'चा फोटो बघा: नाकाचा कित्येक फूट लांबीचा भाग कागदी पुडक्यासारखा एका बाजूला वळलेला. या फोटोत झेंडा नाही, बँड नाही. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की 'परतणं' या शब्दाची दोन टोकं एकदम दिसतात.

यू-बोटीवर काळा झेंडा असेल तर ती मे १९४५ ची शरणागती आहे. दोस्तांनी वर येऊन काळा झेंडा लावायचा हुकूम दिला होता. एकामागे एक कित्येक यू-बोटी, डेकवर ब्रिटिश खलाशी आणि कपड्यांची धाटणी पहिल्या महायुद्धाची, तर ती नोव्हेंबर १९१८ मध्ये इंग्लंडच्या हार्विच बंदरातली शरणागती असू शकेल.

आपल्याकडे सर्वांत ओळखीचा पाणबुडीचा फोटोही परतण्याचा नाही. नेताजी सुभाषचंद्र बोस जपानी 'आय २९' च्या खलाशांसोबत बसलेले, तो एप्रिल १९४३ च्या अखेरचा आहे. मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात जर्मन 'यू १८०' वरून रबरी बोटीने ते 'आय २९' वर आले, सोबत त्यांचे सहकारी आबिद हसन. हा फोटो कित्येक ठिकाणी 'जर्मन पाणबुडीवर' अशा मजकुरासह फिरतो. खलाशांचे चेहरे पाहिले तरी ती चूक होऊ नये.

पायरी ६: मागची जागा ओळखा

झटपट सांगतो. उंच, निमुळता, एकटा उभा पाण्याच्या टाकीचा मनोरा दिसला तर आधी पर्ल हार्बर तपासा. बुडालेल्या पाणबुडीतून सुटायचा सराव तिथे करून घेत. कमानींची लांबलचक दगडी इमारत अगदी पाण्याला लागून, तर माल्टाचं लाझारेटो, ब्रिटिश पाणबुड्यांच्या दहाव्या फ्लोटिलाचा (ताफ्याचा) तळ. धुकट गोल टेकड्या आणि बाजूला भलंमोठं पुरवठा जहाज, तर स्कॉटलंडचं होली लॉख तपासा. प्रचंड जाड काँक्रीटच्या छताखाली बोट शिरत असेल तर फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरची लोरियाँ, ब्रेस्ट, सँ-नाझेर ही बंदरं आधी घ्या. अंगावर लोकरी, दुमडलेल्या उंच गळ्याचे पांढरे स्वेटर की अर्ध्या चड्ड्या, यावरून उत्तर समुद्र की हिंद महासागर हे निम्मं ठरतं.

बोटीचे भाग कळत नसतील तर एकदा विशाखापट्टणमला जा. रामकृष्ण समुद्रकिनाऱ्यावर 'आयएनएस कुरसुरा' उभी आहे, १९६९ ची, आता संग्रहालय. ती सोव्हिएत बनावटीची आणि युद्धानंतरची असली तरी आतून चालत गेल्यावर कळतं की टॉर्पेडोच्या शेजारी झोपून महिना काढलेला माणूस डेकवर आल्यावर असा का दिसतो. त्या एका फेरीनंतर मी फोटोतल्या माणसांकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो.

पायरी ७: दावा आणि खरं

आता नाव आणि साधारण तारीख हाती आहे. ब्रिटिश बोटीसाठी लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा संग्रह बघा. नौदलाचे फोटो तिथे 'ए' अक्षर आणि आकडा अशा क्रमाने आहेत. अमेरिकी फोटोसाठी त्यांचा राष्ट्रीय अभिलेखागार, तिथला '८०-जी' हा क्रम नौदलाचा. जर्मन फोटोंसाठी त्यांचा राष्ट्रीय अभिलेखागार, बुंडेसआर्काइव्ह. यू-बोटी आणि दोस्तांच्या युद्धनौका या दोन्हींच्या तारीखवार नोंदी यूबोट डॉट नेट या संकेतस्थळावर आहेत. अमेरिकी पाणबुड्यांचे गस्ती अहवालही ऑनलाइन वाचता येतात.

ब्रिटिश नावांबाबत एक खुबी लक्षात ठेवा. १९४२ मध्ये त्यांच्या कित्येक नव्या पाणबुड्यांना नाव नव्हतं, नुसता 'पी' आणि आकडा होता. माणसं लढायला जातात त्या बोटीला नाव हवंच, असा आग्रह चर्चिल यांनी वर्षाअखेरीस धरला आणि मग नावं पडली. त्यामुळे एकच बोट १९४२ च्या चिठ्ठीत आकड्याने आणि १९४३ च्या चिठ्ठीत नावाने येते. दोन वेगळ्या बोटी समजून फसू नका.

झेंड्यांवरचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. कप्तान खोटं बोलत होते असं नाही. टॉर्पेडो सोडून खोल बुडी मारलेल्या माणसाला स्फोट ऐकू येतो, परिणाम दिसत नाही. युद्धानंतर अमेरिकेच्या लष्कर-नौदल संयुक्त समितीने जपानी कागद तपासून १९४७ मध्ये यादी काढली तेव्हा पाणबुड्यांचे दावे फार मोठ्या प्रमाणात कमी झाले. तुमच्या नोंदीत 'फोटोत आठ झेंडे' असं लिहा, 'आठ जहाजं बुडवली' असं नाही.

पायरी ८: घेणं आणि जपणं

घेण्याआधी पाठीचा फोटो मागा. विकणारा देत नसेल तर सोडून द्या, कितीही मोह झाला तरी. 'व्हिंटेज' या शब्दाचा अर्थ विचारा: घटनेच्या वेळची प्रिंट की जुन्या घटनेची नवी प्रिंट? पाठ कोरी करकरीत आणि किंमत चढी, तर पायरी १ पुन्हा करा. १९८२ च्या फॉकलंड युद्धावरून ब्रिटिश पाणबुडी 'कॉन्करर' जुलैमध्ये स्कॉटलंडला जॉली रॉजर लावून आली, तिची प्रिंट आर.सी. कागदावर असणं ठीक आहे; 'वाहू'ची नाही. आणि प्रिंट विकत घेतली म्हणजे फोटो छापायचा हक्क मिळाला असं होत नाही. अमेरिकी नौदलाचे आणि युद्धकाळातले ब्रिटिश सरकारी फोटो आज सर्वांना खुले आहेत; वृत्तसंस्थांच्या फोटोंबाबत मात्र विचारल्याशिवाय छापू नका.

जपण्याचं म्हणाल तर आपला शत्रू पावसाळा. मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर फोटोच्या थरावर बुरशी धरते आणि ती थर खाते, पुसून जात नाही. चिकट पानांचे अल्बम वापरू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात किंवा आम्लविरहित कागदात एकेक प्रिंट ठेवा, पीव्हीसीची पाकिटं टाळा. डबा भिंतीला चिकटलेल्या कपाटात नको, जमिनीवर नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की वेळेवर बदला. कोरड्या दिवसांत डबा उघडून हवा लागू द्या. गडद भागात आरशासारखी चमक आली असेल तर ती चांदी वर आलेली असते, घासू नका. नोंद करायची तर पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलीने, कठीण पृष्ठभागावर ठेवून. दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि दोन्ही फाइलींना एकच क्रमांक द्या, नाहीतर पाठ हरवते.

पायरी ९: पुढची गस्त शोधा

ही पायरी बहुतेक जण करत नाहीत. फोटोतली बोट त्यानंतर कुठे गेली ते पाहा. 'वाहू' ऑक्टोबर १९४३ मध्ये जपानच्या उत्तरेच्या ला पेरूज सामुद्रधुनीत मॉर्टन आणि सगळ्या खलाशांसह बुडाली. अवशेष सापडले ते २००६ मध्ये. ओकेन तोवर दुसऱ्या बोटीवर गेला होता, म्हणून वाचला. नेताजींना घेऊन गेलेली 'आय २९' जुलै १९४४ मध्ये अमेरिकी टॉर्पेडोंनी बुडवली. माल्टाची नामवंत 'अपहोल्डर' एप्रिल १९४२ मध्ये आपल्या पंचविसाव्या गस्तीवर गेली, ती संपवून तिला इंग्लंडला परतायचं होतं. तिच्या घरी परतण्याचा फोटो शोधू नका, तो नाही.

इथे एक काळजी घ्या. खलाशांची बदली होत असते. बोट बुडाली म्हणजे फोटोतला प्रत्येक माणूस गेला, असं लिहू नका. नावं मिळाली तर एकेक नाव तपासा.

इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात 'अटमोस्ट' पाणबुडीचा फोटो आहे. वर्षभर भूमध्य समुद्रात लढून ती होली लॉखला आली, 'फोर्थ' या पुरवठा जहाजाला लागली, आणि अधिकारी-खलाशी आपला जॉली रॉजर पसरून उभे राहिले. या फोटोची छापील प्रत मी शिकवायला वापरतो. मुलं आधी कवटी बघतात, मग पट्टे मोजतात, मग चेहऱ्यांकडे येतात. तिच्या पाकिटावर मी पेन्सिलीने लिहिलेलं आहे ते असं:

'अटमोस्ट. होली लॉख, ६ फेब्रुवारी १९४२. कप्तान रिचर्ड केली. नोव्हेंबर १९४२ मध्ये सिसिलीजवळ सर्वांसह बुडाली. केली तेव्हा तिच्यावर नव्हता. त्याची पुढची बोट पी ३११, नाव पडायच्या आधीच, जानेवारी १९४३ च्या सुरुवातीला गेली.'